पिकाला ठाऊक असलेली घरे

बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या पाहणीसाठी मी निपाणी भागातली बरीच शिवारे पायाखाली घातली. तंबाखू, शाळू, भुईमूग, ऊस आणि पुढे पुढे सोयाबीन. पाहणीला गेल्यावर बांधावर उभे राहून पीक सगळीकडे सारखे आहे की नाही, हे आधी बघायची सवय लागते. एकदा वेदगंगेच्या काठच्या एका गावात हुरड्यात आलेला शाळू बघत होतो. खालची पाने वाळायला लागली होती, पण शेताच्या कडेला एका ठिकाणी, अंथरलेल्या घोंगड्याएवढ्या जागेत, शाळू वीतभर उंच आणि हिरवागार होता. मी शेतकऱ्याला विचारले, "इथे खत जास्त पडलंय का?"

तो म्हणाला, "न्हाई साहेब. तिथं आमच्या आज्याच्या वक्ताचं पेव हुतं. बुजवून लई वर्सं झाली. आमी इसरलो, पर पिकाला अजून ठावं हाय."

मी हसलो, कागदावर 'पीक समाधानकारक' लिहिले आणि पुढच्या शेताकडे गेलो. त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात जे सांगितले, त्यावर परदेशात शंभर वर्षे अभ्यास चालला आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले. त्याच अभ्यासाची माहिती मंडळाच्या सभासदांना द्यावी आणि आपल्या शिवाराशी त्याचा काय संबंध आहे ते सांगावे, म्हणून हा लेख. मी कॉमर्सचा पदवीधर, पुरातत्त्वाचा अभ्यासक नव्हे. वाचून आणि पाहून जे नीट समजले तेवढेच लिहितो.

पिकातली खूण म्हणजे काय

जमिनीत एकदा खोल खणले आणि ते नंतर बुजले, तरी जमीन पूर्वीसारखी कधीच होत नाही. खड्डा असो, चर असो वा खांबासाठी खणलेले भोक असो, त्यात भरलेली माती भुसभुशीत असते. तिच्यात ओल जास्त टिकते आणि बऱ्याचदा राख, शेण, केरकचरा मिसळलेला असल्याने खतही जास्त असते. वर पेरलेल्या पिकाची मुळे तिथे खोल जातात. पाऊस भरपूर असेल तेव्हा फरक दिसत नाही, कारण सगळ्याच रोपांना पाणी मिळते. पण पावसाने ओढ दिली की आजूबाजूचे पीक पिवळे पडते आणि बुजलेल्या चरावरचे पीक हिरवे व उंच राहते. आमच्या शेतकऱ्याचे पेव ते हेच.

याच्या उलटही होते. जमिनीखाली दगडी भिंतीचा पाया, फरसबंदी किंवा जुना रस्ता असेल, तर वर मातीचा थर पातळ असतो. तिथले पीक आधी माना टाकते आणि खुजे राहते. म्हणजे हिरवी रेघ दिसली तर खाली खोदकाम झालेले असू शकते, आणि पिवळी रेघ दिसली तर खाली दगडकाम असू शकते.

बांधावरून पाहिले तर या रेघा नुसते ठिपके वाटतात. वरून पाहिले की त्यांचा आकार कळतो. घरात सतरंजीवर उभे राहून तिची नक्षी कळत नाही, माळ्यावरून पाहिली की कळते, तसेच हे आहे. पहिल्या महायुद्धात वैमानिकांना शत्रूचे खंदक टिपण्यासाठी आकाशातून छायाचित्रे घ्यायची सवय लागली आणि तिचा उपयोग पुढे पुरातत्त्वाला झाला. १९२५ मध्ये इन्सॉल नावाच्या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या एका शेतात पांढऱ्या खडूच्या वर्तुळात काळे ठिपके दिसले. पुढे उत्खनन झाले तेव्हा ते लाकडी खांबांच्या अनेक वर्तुळांचे अवशेष निघाले. आज त्या जागेला वुडहेंज म्हणतात. १९२८ मध्ये क्रॉफर्ड आणि केलर या दोघांनी इंग्लंडच्या वेसेक्स भागाच्या हवाई छायाचित्रांचे मोठे पुस्तक काढले आणि या पद्धतीला मान मिळाला.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे इंग्लंडला होतो. त्या वर्षी तिकडे कडक कोरडा उन्हाळा पडला होता. बागांमधली हिरवळ आपल्या माळासारखी पिवळी झाली होती आणि वर्तमानपत्रांत रोज नवी हवाई छायाचित्रे येत होती. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळ त्या जुलैत ड्रोन उडवताना एका शेतात भलेमोठे वर्तुळ दिसले, ते कित्येक हजार वर्षांपूर्वीचे असावे असे तज्ज्ञांनी सांगितले. ती चित्रे बघताना मला आमचा शाळू आठवला.

लाकडाचा राजवाडा

या पद्धतीचा मोठा उपयोग झाला तो सॅक्सन काळातल्या घरांसाठी. रोमन सत्ता पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून गेली. त्यानंतर आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या बाजूने सॅक्सन, अँगल वगैरे लोक तिथे येऊन वसले. १०६६ च्या नॉर्मन स्वारीपर्यंतचा काळ सर्वसाधारणपणे सॅक्सन काळ म्हणून ओळखला जातो. हे लोक घरे लाकडाची बांधत आणि वर गवताने शाकारत. लाकूड कुजले, गवत उडाले आणि जमिनीवर काही उरले नाही. उरल्या त्या फक्त खांबांच्या खळग्या आणि भिंतींसाठी खणलेले चर.

हवाई छायाचित्रात असे घर ओळखायचे कसे? अभ्यासक मुख्यतः दोन आकार शोधतात.

पहिला आकार मोठ्या घराचा, म्हणजे दिवाणखान्यासारख्या लांबट घराचा. त्याची बाह्यरेषा बारीक, गडद आणि आयताकृती असते. लांबी बहुधा रुंदीच्या दुप्पट असते. दोन्ही लांब बाजूंच्या मध्यावर समोरासमोर रेघ तुटलेली दिसते, ती दारांची जागा. काही घरांना टोकाला छोटी जोडखोली असते.

दुसरा आकार लहान असतो. दहा-बारा फूट लांबीचा, कोपरे गोल झालेला एक भरीव गडद डाग. हे जमिनीत थोडे खणून वर छप्पर टाकलेले छोटे घर. त्याच्या दोन टोकांना खांब असत. अशा घरांत विणकाम होत असावे, कारण अनेक ठिकाणी मागाची मातीची वजने सापडली आहेत. टेम्स नदीच्या मुखाजवळ मकिंग नावाच्या ठिकाणी हवाई छायाचित्रांत खुणांची दाटी दिसली होती. तिथे १९६५ ते १९७८ अशी सलग वर्षे उत्खनन झाले आणि अशी दोनशेहून अधिक छोटी घरे व पन्नासच्या वर खांबांची घरे मिळाली. म्हणजे एक अख्खे गाव पिकाखाली होते.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण येव्हरिंगचे. हे ठिकाण इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थंबरलंडमध्ये आहे. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात केंब्रिज विद्यापीठाचे सेंट जोसेफ विमानातून छायाचित्रे घेत होते. त्यांना तिथल्या शेतात मोठ्या आयताकृती इमारतींच्या रेघा दिसल्या. १९५२ ते १९६२ या काळात ब्रायन होप-टेलर यांनी तिथे उत्खनन केले. राजाची मोठी लाकडी दालने मिळाली. शिवाय लोकांना चढत्या रांगांत बसता येईल अशी पाचरीच्या आकाराची लाकडी बैठकही मिळाली. बीड नावाच्या भिक्षूने आठव्या शतकात लिहिलेल्या इतिहासात एडविन राजाच्या एका वाड्याचा उल्लेख आहे. पॉलिनस या धर्मगुरूने तिथे ३६ दिवस राहून लोकांना बाप्तिस्मा दिला, असे बीड सांगतो. तो वाडा हाच, असे आता मानले जाते.

एडविन राजा साधारण इ. स. ६१६ ते ६३३ मधला. आपल्याकडे त्याच वेळी बदामीला दुसरा पुलकेशी राज्य करत होता. त्याची प्रशस्ती सांगणारा ऐहोळेचा शिलालेख ६३४ चा आहे. आपण सहलीला जाऊन बदामीची लेणी बघतो, ऐहोळेची देवळे बघतो. दगडाचे होते ते राहिले. एडविनचा वाडा लाकडाचा होता, त्याची आठवण पिकाने ठेवली.

मग मनात प्रश्न येतो की पुलकेशीच्या राज्यातला साधा कुणबी, कुंभार, कोष्टी कुठे राहत होता? त्याचे घर काही दगडाचे नव्हते. ते कुड, माती, लाकूड आणि गवताचेच असणार. आपण इतिहास म्हणतो तो बराचसा देवळांचा आणि किल्ल्यांचा. आपल्या खऱ्या पूर्वजांची घरे शिवारातच कुठेतरी आहेत.

एका हुशार चुकीची गोष्ट

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे भाग आहे. स्कॉटलंडमध्ये डी नदीच्या काठी बाल्ब्रिडी नावाचे ठिकाण आहे. १९७६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तिथल्या पिकात पंचवीसेक मीटर लांबीच्या मोठ्या लाकडी दालनाची रेघ दिसली. आकार आधी माहीत असलेल्या सहाव्या-सातव्या शतकातल्या दालनांसारखा वाटला. त्यामुळे हे दालनही त्याच काळातले असणार असा अंदाज जाणकारांनी बांधला. १९७७ पासून उत्खनन सुरू झाले. जळालेले लाकूड आणि धान्य कार्बन पद्धतीने तपासले, तेव्हा ती इमारत इसवी सनापूर्वी सुमारे ३८०० वर्षे, म्हणजे नवाश्मयुगातली निघाली. अंदाज थोडाथोडका नाही, चार हजारांहून अधिक वर्षांनी चुकला.

यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. रेघ खरी होती, इमारत खरी होती, मापेही बरोबर होती. फक्त रेघेवर तारीख लिहिलेली नसते. म्हणून हवाई छायाचित्रांच्या अहवालांत 'सॅक्सन इमारत' असे न लिहिता 'संभाव्य सॅक्सन इमारत' असे लिहितात. बँकेत आम्ही हाच फरक पाळायचो. अर्जदार म्हणतो जमीन माझी, वहिवाटही त्याची दिसते, बांधावरचा शेजारीही मान डोलावतो. तरी उतारा हातात येईपर्यंत 'अर्जदाराच्या सांगण्यानुसार' एवढेच लिहायचे. पिकातली खूण ही वहिवाट समजा, उतारा मिळतो तो उत्खननात.

आपल्याकडे काय

आपल्याकडे लाकूडमातीच्या घरांचा असा शोध झालेलाच नाही असे नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शंभराहून अधिक घरे मिळाली. ती ओळखली गेली खांबांच्या खळग्या आणि चोपलेल्या जमिनींवरून, म्हणजे ज्या खुणा इंग्लंडमध्ये पिकातून दिसतात त्याच. आधीच्या काळात घरे ऐसपैस आणि आयताकृती, शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. कोरडे दिवस आले, शेती खालावली आणि लोक गुरे-मेंढ्यांवर जास्त अवलंबून राहू लागले, असा अर्थ ढवळीकरांनी त्यावरून लावला. घराचा आकार बदलला एवढ्यावरून समाजाची हलाखी कळली.

आपल्या आणखी जवळ यायचे तर कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकाळातली विटांची घरे मिळाली. ब्रह्मपुरीतच सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागातही सातवाहनकाळातल्या नगराचे अवशेष १९७० च्या दशकातल्या उत्खननात पुढे आले. आज तिथे चहूबाजूंनी वस्ती आहे.

आणि आपल्या भाषेत तर या शोधाची किल्लीच आहे. गावाच्या जमिनीला आपण 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे चुलीची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती एकात एक मिसळून वस्तीची जमीन पांढुरकी होते. वस्ती उठून गेली, तिथे नांगर फिरला, तरी रंग जात नाही. काळ्या रानात मध्येच पांढरा पट्टा दिसला की तिथे कधीकाळी घरे होती असे समजावे. महसुली भाषेत ओसाड गावाला 'बेचिराग' म्हणत, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. नांगरट झाल्यावर उन्हाळ्यात असा पांढरा पट्टा वरून ठळक दिसतो. त्यासाठी पीक उभे असण्याचीही गरज नाही.

पिकातली खूण मात्र आपल्याकडे सगळीकडे सारखी दिसणार नाही. खोल काळ्या रानात ओल मुळातच खूप धरून ठेवलेली असते, शिवाय भेगा पडून माती खालीवर होत राहते. बारमाही पाण्याच्या उसात तर रोपाला तहानच लागत नाही. माळाकडच्या, मुरमावर हातभर माती असलेल्या जमिनीत आशा जास्त. पीक म्हणाल तर पाणी न देता जमिनीतल्या ओलीवर येणारा शाळू बरा. पावसाने दगा दिलेल्या वर्षी आपण शेताकडे बघायलाही नको म्हणतो, पण खुणा दिसतात त्या तेव्हाच.

फसवणाऱ्या खुणा

मात्र प्रत्येक हिरवा ठिपका म्हणजे जुने घर नव्हे. शिवारात फिरताना मी स्वतः फसलेल्या गोष्टी अशा :

- मेंढरे बसवलेली जागा. धनगरांचा कळप रात्री बसला की पुढच्या हंगामात तिथे पीक काळेभोर येते, आणि कळपाच्या वाघरीचा आकारही उमटतो.
- जुने खळे. चोपून घट्ट केलेली गोल जागा, तिथे पीक खुजे.
- उपसा जलसिंचनाची गाडलेली पाइपलाइन. सरळ लांब हिरवी रेघ.
- मोडलेला बांध, बुजवलेली विहीर, खताच्या ढिगाची जागा.
- खालच्या खडकाची नैसर्गिक भेग. ती वेडीवाकडी जाते. माणसाने आखलेली रेघ सहसा सरळ असते किंवा नीट गोल असते.

यातल्या बहुतेक गोष्टींचे उत्तर शेतकऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे असते. इंग्लंडच्या अभ्यासकाला जुने नकाशे धुंडाळावे लागतात, आपल्याला अजून आजीला विचारता येते. किती वर्षे विचारता येईल हा प्रश्न आहे.

आपण काय करू शकतो

गेल्या तीस वर्षांत आपल्या भागात जेसीबीने रानेच्या राने सपाट झाली. पांढरीची माती ट्रॉल्या भरून शेतात टाकायला नेली. त्यात दोष कोणाचा नाही, शेतकऱ्याला पोट आहे. पण एकदा सपाटीकरण झाले की खळग्या, चर आणि थर कायमचे जातात. म्हणून निदान नोंद तरी राहावी.

पहिले, आपल्या घरच्या शेतांची नावे लिहून ठेवा. 'पांढरीचा तुकडा', 'वाड्याचं वावर', 'जुन्या गावठाणाची पट्टी' अशी नावे उताऱ्यावर नसतात, तोंडी असतात. बाहेरगावी असलेल्या मुलांनी सुट्टीत आले की आजी-आजोबांकडून ही नावे विचारून घ्यावीत.

दुसरे, उपग्रहाची चित्रे बघा. गूगल अर्थवर एकाच शेताची वेगवेगळ्या वर्षांची चित्रे पाहता येतात. इस्रोचे भुवन २००९ पासून आहे. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाच्या हेरगिरी उपग्रहांनी घेतलेली चित्रे १९९५ मध्ये खुली केली. त्यांत भारताचीही आहेत. सपाटीकरणाच्या आधीचे रान कसे होते ते बघायला त्यांचा उपयोग होतो. एकाच वर्षी दिसलेल्या खुणेवर विश्वास ठेवू नका. तीच खूण दुसऱ्या हंगामात, दुसऱ्या पिकात, त्याच जागी दिसली तर तिला वजन येते.

तिसरे, ड्रोन असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तो भाग उड्डाणाला खुला आहे का हे आधी पाहा आणि शेतमालकाला विचारा.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, खणू नका. खांबाची खळगी म्हणजे फक्त मातीच्या रंगातला फरक असतो. उत्साहाने मारलेल्या एका कुदळीत तो पुसला जातो आणि मग कोणी तज्ज्ञ आला तरी त्याला काही सांगता येत नाही. गुप्तधनाच्या नादाने केलेल्या खोदकामाने तर फार नासाडी होते. नांगरताना नाणी किंवा मूर्ती सापडल्याच, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. खापरे सापडली तर जागेवरच ठेवून फोटो काढा, शेजारी मापासाठी पेन ठेवा, तारीख आणि शेताचे नाव लिहा.

अशी नोंद कोणाकडे असेल तर ती मंडळाकडे द्यावी, आपण एक वही सुरू करू. प्रत्येक नोंदीपुढे 'संभाव्य' हा शब्द लिहू. तो शब्द लिहायला कमीपणा वाटायचे कारण नाही, बाल्ब्रिडीनंतर तर मुळीच नाही.

त्या पेवाच्या शेतकऱ्याची माझी पुढे भेट झाली नाही. त्याच्या त्या रानात आता ऊस आहे, पाइपलाइनही आली आहे. उसात काही दिसत नाही. पण जागा मला आठवते, ती वहीत पहिल्या पानावर मीच लिहीन.